अंगणातलं ऊन: दसरा ते तुळशीचं लग्न

वाईची_आजी
८ ऑक्टोबर, दुपारी ३.४०

नमस्कार मंडळी. मी वाईची, वय ७२. इथलं रोज वाचते, लिहिते क्वचित. आज लिहायला बसले कारण चार दिवस एक गोष्ट मनातून जात नाहीये आणि घरात विषय काढला की सगळे काळजीत पडतात.

परवा कोजागरी झाली. दूध आटवलं, चारोळी-जायफळ घातलं, सुनेने थोरल्याला आश्विनीचं ओवाळलं. पाऊस गेला असं आता म्हणता येईल. आमच्या घरात दसरा ते दिवाळी हे घराला ऊन दाखवायचे दिवस. महाबळेश्वराला कोसळतो तसा आमच्याकडे कोसळत नाही, पण रिपरिप चार महिने असते. भिंती ओल धरतात, ट्रंक उघडली की कुबट वास येतो, डाळीच्या डब्यात हात घातला तर डाळ बोटांना गार लागते. नवरात्राच्या आधी घर धुऊन काढतो ते वेगळं. हे वाळवायचं काम दसऱ्यानंतरचं, सोनं वाटून झालं की दुसऱ्या दिवसापासून.

सासूबाईंचा क्रम ठरलेला होता आणि मी तो ४८ वर्षं पाळलाय. आधी धान्य आणि डाळी. मग गोधड्या, उशा, गाद्या. मग लोणच्याच्या बरण्यांची तोंडं आणि दादरे. मग ट्रंकेतली लुगडी-साड्या. शेवटी पोथ्या. दिवाळीचं पहिलं घाणं तळायच्या आत हे सगळं उरकलेलं असायचं.

माझा दिवस आता असा जातो. साडेपाचला उठते. धाकटी नात (साडेतीन वर्षांची) माझ्याबरोबरच उठते, तिला प्राजक्त वेचायचा असतो. ती एकेक फूल उलटं करून ठेवते, नारिंगी देठ वर, पांढऱ्या पाकळ्या खाली. तसं का, ते तिने अजून सांगितलेलं नाही. साडेसहाच्या सुमारास उजाडून येतं. सून डबे भरते आणि साताऱ्याची एसटी पकडते, मुलगा पाळीप्रमाणे जातो, थोरला सहावीत आहे तो शाळेत, धाकटी अंगणवाडीत. नऊच्या पुढे घर आणि मागचं अंगण माझं. त्या वेळेत मी घड्याळ कधी पाहिलं नाही. ऊन तुळशीच्या कट्ट्यावर चढलं की नऊ वाजले, रांजणाच्या पोटाला टेकलं की अकरा, मागच्या दाराच्या उंबऱ्याशी आलं की जेवायची वेळ.

आमचं हे अंगण घराच्या मागे, दक्षिणेला. त्याच्या पलीकडे पूर्वी बैठं कौलारू घर होतं. ते पाडून तिथे तीन मजली इमारत झाली. माणसं चांगली आहेत, त्यांच्या जागेत त्यांनी बांधलं, माझी तक्रार नाही. मे महिन्यात वास्तुशांत झाली. मी जेवायला गेले होते. येऊन अंगणात उभी राहिले तर बारा वाजता ऊन रणरणत होतं, अगदी भिंतीच्या पायापर्यंत. मनात म्हटलं, बरं झालं, आपल्याला काही फरक पडला नाही. पुढे पावसाळाच लागला, तेव्हा ऊन कुणी बघितलं?

आणि दसऱ्यानंतर मुगाची डाळ पसरली तर साडेदहालाच अर्ध्या चादरीवर सावली. चादर सरकवली, सावली मागे आली. पुन्हा सरकवली. बारा वाजता अंगणाचा मोठा भाग थंड. अशी हिवाळ्यातसुद्धा सावली मी इथे पाहिली नव्हती.

म्हणून शनिवारी दोन गोधड्या खांद्यावर घेऊन गच्चीकडे निघाले. नवव्या पायरीवर गोधडीचं टोक पायात आलं. पडले नाही, कठडा हातात आला आणि तशीच पायरीवर बसले. गुडघा मात्र सुजला. दुपारी सगळे आले तेव्हा मी काही बोलले नाही, पण चालण्यावरून सुनेला कळलंच. ती रागावली नाही. मीठ गरम करून पुरचुंडी बांधली, शेकत बसली आणि शेकता शेकता रडायला लागली. म्हणाली, "आई, एसटीत असताना मला फोन आला असता तर मी काय केलं असतं?" तेव्हापासून गच्चीला कुलूप आहे. चावी तिच्या पर्समध्ये.

ती चुकली असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण सात गोधड्या, दोन गाद्या आणि ट्रंक तशीच आहे. ज्यांच्या घराचं ऊन असं गेलंय त्यांनी काय केलं? वर न चढता काही करता येतं का?

•

मधुमालती
८ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.१५

काकू, आधी गुडघ्याची काळजी घ्या. सूज आठवडाभरात उतरली नाही तर दाखवून या, अंगावर काढू नका.

मी आर्वीची. आमच्याकडे कोजागरीला भुलाबाई झाली आणि आता कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळे अंगण मिळणंच कठीण. एक अनुभवाचं सांगते. गोधडीला ऊन लागतं त्याच्या दुप्पट वारा लागतो. जमिनीवर अंथरलेली गोधडी वरून तापते आणि खालून तशीच राहते. दोन दोऱ्या हातभर अंतराने समांतर बांधा आणि गोधडी दोन्हींवर टाका, म्हणजे मधून हवा खेळते. असं केलं तर दोन-अडीच तासांचं ऊनसुद्धा पुरतं, फक्त मध्ये एकदा पालटायची.

आणि गरम गोधडीची घडी कधी घालू नका. आत आणून अर्धा तास खाटेवर पसरून ठेवा, निवली की मग घडी. गरम घडी ट्रंकेत गेली की आतून घाम धरते आणि चार दिवसांत पुन्हा तोच वास. शिवाय या दिवसांत संध्याकाळी दव पडायला लागतं. चारच्या आत सगळं आत.

•

सूनबाई
८ ऑक्टोबर, रात्री १०.५०

आजी, राग मानू नका. मी तुमच्या सुनेच्या बाजूने लिहितेय.

माझ्या सासूबाई अशाच गच्चीत वाळवण घालायला गेल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. चार वर्षं झाली, अजून वॉकरशिवाय उठता येत नाही. त्या दिवशी मी कामावर होते. त्या म्हणतात, तुझा काही दोष नाही. पण रोज सकाळी घराबाहेर पडताना त्यांचं ते वाक्य मला आठवतं आणि पोटात खड्डा पडतो. तुमच्या सुनेने चावी पर्समध्ये ठेवली ती तुम्हाला अडवायला नाही, तिला दिवसभर काम सुचावं म्हणून.

आणि एक मनापासून विचारते. सातही गोधड्या दरवर्षी वाळवायलाच हव्यात का? वापरात किती आहेत? रविवारी मुलगा आणि नातू मिळून तीन वर नेतील, तासाभरात काम होईल. तुम्ही खाली खुर्चीत बसून सांगा.

•

वाईची_आजी
९ ऑक्टोबर, सकाळी ११.२०

मधुमालती, दोन दोऱ्यांचं मला माहीत नव्हतं. आमच्याकडे एकाच दोरीवर टाकायची पद्धत. करून बघते.

सूनबाई, राग कसला? तुमचं वाचून मी माझ्या सुनेला फोन केला, सकाळी अकरा वाजता, काही काम नसताना. ती घाबरूनच गेली. म्हटलं, बरी आहे, गच्चीत जाणार नाही, एवढंच सांगायचं होतं. पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही.

पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. वापरात तीनच गोधड्या आहेत. बाकीच्या चारांत एक माझ्या आईच्या नऊवारीची, एक सासूबाईंच्या हातची, एक आमच्या ह्यांच्या धोतरांची आणि एक दोन्ही नातवंडांच्या बाळंतपणातल्या दुपट्यांची, ती मी गेल्या वर्षी शिवली. या वापरायच्या नाहीतच. वर्षातून एकदा उघडायच्या, उसवलेला टाका घालायचा, ऊन दाखवायचं, पुन्हा ठेवायच्या. रविवारी तासाभरात उरकलं तर गोधडी वाळेल, पण टाके कोण बघणार? ते काम सकाळच्या रिकाम्या घरात, एकटीने, एकेक बोट फिरवत करायचं असतं. मला तो वेळ हवाय. तो अंगणातच मिळत होता.

•

निवृत्त_मास्तर
९ ऑक्टोबर, रात्री ८.३०

ताई, नमस्कार. मी ३१ वर्षं शाळेत भूगोल आणि गणित शिकवलं. तुमचा धागा वाचून राहवेना, म्हणून लिहितो. तुमचं ऊन गेलेलं नाही, ते हललेलं आहे. कुठे हललं ते काढता येतं.

वाई साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तुमच्याकडे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. तुम्ही वास्तुशांतीला गेलात ते नेमके त्याच सुमारास. म्हणून भिंतीच्या पायापर्यंत ऊन दिसलं. पुढे सूर्य थोडा उत्तरेला जातो, मग परत फिरतो. २३ सप्टेंबरच्या सुमारास तो विषुववृत्तावर येतो आणि त्यानंतर तुमच्या दृष्टीने दक्षिणेकडे कलत जातो. इमारत दक्षिणेला, त्यामुळे तिची सावली उत्तरेला, म्हणजे तुमच्या अंगणात.

आता आकडे. तीन मजले म्हणजे उंची साधारण १० मीटर धरू. भरदुपारची सावली २३ सप्टेंबरला सव्वातीन मीटर, ऑक्टोबरच्या अखेरीस सहा मीटरच्या आसपास, आणि २२ डिसेंबरला पावणेनऊ मीटरच्या जवळपास. म्हणजे अजून वाढणार आहे, ते आधीच सांगून ठेवतो. संक्रांतीनंतर ती झपाट्याने आखडते आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा सव्वातीनवर येते.

पण हे झालं दुपारचं. सकाळी सूर्य आग्नेयेकडे असतो, तेव्हा सावली वायव्येकडे पडते. म्हणजे सकाळी आठ ते साडेदहा तुमच्या अंगणाचा ईशान्य कोपरा मोकळा असायला हवा. तिथे काय आहे?

हा हिशोब नातवाकडून करून घ्या. एक मीटरची सरळ काठी अंगणात ओळंब्याने उभी करायची. जागा इमारतीच्या सावलीबाहेरची हवी, दुपारी घराच्या भिंतीलगत मिळेल. सावली सर्वांत आखूड असते ती बारा वाजता नाही, वाईला ऑक्टोबरात सव्वाबाराच्या थोडं पुढे. ती मोजायची. काठीची सावली जितके सेंटीमीटर, तिला दहाने गुणलं की इमारतीची सावली मिळाली. सहावीच्या मुलाला सहज जमेल.

अवांतर: पाऊस थांबूनही अंगाची काहिली का होते, असं मुलं दरवर्षी विचारायची. आकाश निरभ्र होतं म्हणून ऊन थेट पोचतं, आणि जमिनीत मुरलेलं पाणी वाफेच्या रूपात वर येत असतं. ताप आणि दमटपणा दोन्ही एकदम. पाणी भरपूर प्या, आपल्या वयाच्या माणसांना तहान उशिरा लागते.

•

पैठणीवाली
१० ऑक्टोबर, दुपारी १.०५

आजी, ट्रंकेतल्या साड्यांबद्दल. रेशमी आणि जरीच्या साड्यांना थेट ऊन देऊच नका. रंग उतरतो, रेशीम ठिसूळ होतं. सावलीत, वाऱ्यावर, एक दिवस. घडीच्या रेषा बदलायच्या, नाहीतर वर्षानुवर्षं एकाच जागी मोडून तिथेच चिरते. मऊ जुन्या सुती कापडात गुंडाळायच्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. डांबरगोळ्या जरीला चिकटून ठेवू नका, वेखंडाची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवली तरी चालतं.

थोडक्यात, तुमच्या अंगणाची नवी सावली या कामाला उत्तम आहे. पोथ्यांनाही तेच. कागद कडक उन्हात पिवळा पडतो आणि कडा कुरकुरीत होतात.

धान्याचं मला फारसं कळत नाही, पण तांदळाला बोरिक पावडर लावत असाल तर कृपया सोडा. लहान मूल आहे घरात. कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि घट्ट झाकणाचा डबा पुरे.

•

दूरदेशी_नातू
१० ऑक्टोबर, रात्री ११.४०

मी कॅनडात राहतो. इथे ऑक्टोबर म्हणजे पानगळ. मुलाला शाळेत या ऋतूवर निबंध आहे आणि तो मला विचारत होता की मराठीत याला काय म्हणतात. मी सहज "शरद" म्हणून गेलो. मग तुमचा धागा वाचला आणि थांबलो. आपल्याकडे शरदात कुठे पानं गळतात? ती शिशिरात. शरदात तर प्राजक्त फुलतो, भात पिवळा होतो, आभाळ धुतल्यासारखं होतं. मुलाला तुमच्या नातीचं फुलं उलटी ठेवणं सांगितलं. त्याने निबंधात तेच लिहिलं.

माझी आजी कराडजवळच्या गावात एकटी असते. उद्या फोन करून तिला विचारणार आहे, अंगणात ऊन किती वाजता येतं. इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही.

•

वाईची_आजी
१२ ऑक्टोबर, रात्री ९.००

मास्तर, तुम्हाला मनापासून नमस्कार. आज रविवार, आज जे झालं ते सविस्तर लिहिते.

तुमचं लिखाण थोरल्याला वाचायला दिलं. त्याची सहामाही परीक्षा चालू आहे, उद्या इतिहास. तरी सकाळी सातपासून तयारी. केरसुणीची दांडी वाकडी निघाली म्हणून झेंडूच्या कुंडीतला बांबू काढला, टेपने मोजून बरोबर १०० सेंटीमीटरवर कापला. ओळंब्यासाठी माझ्या शिवणाच्या दोऱ्याला कुलपाची किल्ली बांधली. हो, गच्चीचीच. आईकडून मागून घेतली, काम झाल्यावर परत दिली.

मग तो आठ वाजल्यापासून दर तासाला इमारतीच्या सावलीची कड फरशीवर खडूने आखत गेला आणि प्रत्येक रेघेवर आकडा लिहिला. धाकटीने त्याच्या प्रत्येक रेघेवर प्राजक्ताची फुलं ठेवली. बारा वाजून वीस मिनिटांनी बांबूची सावली सर्वांत आखूड झाली. ४७ सेंटीमीटर. म्हणजे इमारतीची ४.७ मीटर. त्याने टेप धरून मोजलं तर ४.९ आली. दोन वेळा मोजली. मग विचार करून म्हणाला, "आजी, म्हणजे इमारत दहा मीटरपेक्षा थोडी उंच आहे. गच्चीचा कठडा धरलाच नव्हता ना आपण!" जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

तुम्ही विचारलंत ईशान्य कोपऱ्यात काय आहे. तिथे मोडकी सायकल, रंगाचे रिकामे डबे, बंबाचं सरपण आणि दोन फुटक्या कुंड्या होत्या. वर्षानुवर्षं तो अडगळीचा कोपरा, कारण बाकी अंगणभर ऊन असताना तिकडे कोण बघतंय? आणि सकाळी साडेसात ते पावणेअकरा तिथे लख्ख ऊन आहे. खडूच्या आठच्या रेघेपासून दहाच्या रेघेपर्यंत तो सगळा तिकोना मोकळा.

मुलाने आणि थोरल्याने दुपारी अडगळ काढली. रंगाच्या डब्यांत पाणी साठून अळ्या झाल्या होत्या, ते ओतून डबे भंगारात दिले. डासांचे दिवस आहेत, तुम्हीही आपापल्या मागच्या दारी एकदा बघून घ्या. सुनेने दोन खिळे ठोकून मधुमालतीने सांगितल्या तशा दोन दोऱ्या बांधल्या, माझ्या खांद्याच्या उंचीला, हात वर करावा लागू नये अशा. बांधताना म्हणाली, "इथे खुर्ची ठेवते. आणि फोन खिशात, ओट्यावर नाही." कबूल केलं.

•

निवृत्त_मास्तर
१२ ऑक्टोबर, रात्री ९.४५

ताई, ४७! गणिताने नेमकं तेवढंच येतं. आणि कठड्याचा शोध त्याने स्वतः लावला, हे फार चांगलं झालं. त्याला म्हणावं, पंधरा दिवसांनी पुन्हा मोज आणि मोजायच्या आधी अंदाज लिहून ठेव.

•

सूनबाई
१३ ऑक्टोबर, सकाळी ६.३०

खांद्याच्या उंचीची दोरी. हे मला सुचलं नव्हतं. मी सासूबाईंना चार वर्षं "तुम्ही बसा" एवढंच म्हणत आलेय. आज घरी गेल्यावर खिडकीच्या गजाला खालच्या बाजूने दोरी बांधते. वॉकर धरून हातरुमाल तरी वाळत घालतील. त्यांना आवडतं ते काम.

•

वाईची_आजी
१७ ऑक्टोबर, दुपारी ४.१५

थोडक्यात कळवते, फराळाची धांदल आहे.

सासूबाईंचा क्रम मी बदलला. सकाळी साडेसातपासून कोपऱ्यात गोधड्या, रोज एकच. दुपारी अंगणाच्या थंड भागात खाटेवर साड्या, घड्या बदलून. पैठणीवाली, माझ्या लग्नातल्या शालूची घडी खरंच एका जागी चिरायला आली होती, एक वर्ष आणखी गेलं असतं तर फाटला असता.

आणि अनारशाचे तांदूळ! तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, चौथ्या दिवशी उपसून ते सावलीतच पसरायचे असतात. कडकडीत वाळले तर पीठ कोरडं होतं, थोडी ओल राहायला हवी. इतकी वर्षं मी ते माजघरात पंख्याखाली पसरायचे, आणि वारा एका बाजूने लागून अर्धे तांदूळ जास्त सुकायचे. यंदा अंगणातल्या सावलीत पसरले. मूठ आवळली की तळव्याला किंचित दमट लागतं आणि उघडली की दाणे सुटे होतात, तिथेच उचलायचे. सुनेचा हात धरून तिला ते लागणं दाखवलं. तिने डोळे मिटून मूठ दाबली आणि म्हणाली, "अजून पाच मिनिटं." बरोबर होतं.

सासूबाईंच्या गोधडीत सात ठिकाणी टाका उसवला होता. मी पाच घातले. सुईत दोरा ओवायला आता थोरला लागतो.

•

मधुमालती
१७ ऑक्टोबर, रात्री ८.२०

काकू, अनारसे हसले, म्हणजे तुपात विरघळले, तर गूळ जास्त झाला असं आमची आजी म्हणायची. अर्धी वाटी तांदळाचं पीठ मिसळून पुन्हा एक दिवस ठेवायचं. कळवा कसे झाले ते.

•

वाईची_आजी
२६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.३०

दिवाळी झाली. मधुमालती, पहिल्या घाण्यातले दोन हसले, तुपात पार विरघळून गेले. तुमचं वाचलेलं होतं म्हणून सुनेने लगेच पीठ मिसळलं आणि उरलेले भाऊबीजेला तळले. खसखस वरच्या बाजूला, झाऱ्याने तूप उडवत, न उलटता. जाळी पडली. माझ्या नणंदेने विचारलं, वहिनी, तुमच्याच हातचे ना? मी सुनेकडे बोट दाखवलं.

मुलांनी किल्ला यंदा त्याच ईशान्य कोपऱ्यात केला. अळीव आणि मोहरी पेरली होती, सकाळच्या उन्हाने चौथ्या दिवशी हिरवागार. गोधड्या तोपर्यंत उरकल्या होत्या, नाहीतर दोघांचं भांडण झालं असतं जागेवरून.

आज पुन्हा मोजायचं होतं. दोन दिवस मळभ होतं, थोरला सारखा वर बघत होता. आज उघडलं. त्याने वहीत अंदाज लिहिला होता ५५. निघाली ५८. इमारतीची सावली सहा मीटर. आधीची खडूची रेघ दिवाळीच्या सड्यात पुसट झाली होती, तरी दिसत होती. नवी रेघ तिच्यापुढे मीटरभर, घराच्या अंगाला सरकलेली. तो बराच वेळ दोन रेघांच्या मध्ये उभा होता. मग म्हणाला, "आजी, एवढं सगळं चौदा दिवसांत हललं आणि आपल्याला कळलंसुद्धा नाही."

या मोजण्यातून एक गोष्ट लक्षात आली, ती मला तुम्हा सगळ्यांना सांगायची होती. तुळशीचा कट्टा आता सकाळी दहापासून सावलीत असतो. गेले पंधरा-वीस दिवस तिची पानं बारीक आणि पिवळट होत होती. मी समजत होते मंजिऱ्या खुडल्या नाहीत म्हणून. मुलगा म्हणाला कट्टा हलवूया. कट्टा सासऱ्यांनी बांधलेला, तो मला हलवायचा नव्हता. शेवटी सुनेने तोड काढली. तुळस मुळाच्या मातीसकट मोठ्या कुंडीत घेतली आणि खडूच्या रेघा बघून कोपऱ्यात ठेवली, किल्ल्याच्या शेजारी. लग्नाच्या दिवशी कुंडी उचलून कट्ट्यावर ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी परत उन्हात. मार्चमध्ये सावली आखडली की ती पुन्हा कट्ट्यात लावू.

आज सकाळी तिला दोन नवी पानं आलेली दिसली, मोहरीएवढी.

पुढच्या रविवारी लग्न लावतोय. ऊस, चिंचा, आवळे आणायचे आहेत. बोहल्यासाठी ऊस कुठे टेकवायचा यावर घरात अजून एकमत नाही, कारण तिथेच डिसेंबरची रेघ येणार आहे आणि थोरल्याला ती जागा मोकळी हवी आहे. मास्तर, २२ डिसेंबरचा त्याचा अंदाज त्याने वहीत लिहून ठेवलाय. मला दाखवत नाहीये.